हौसेचा बँड, गरजेचे वाद्य

उपाहारगृहाच्या कोपऱ्यात सॅक्सोफोन वाजवणारा सत्तरी ओलांडलेला जॅझवादक मुंबईत, गोव्यात, कोलकात्यात अजूनही अधूनमधून दिसतो. टेबलांवर काट्या-चमच्यांचा आवाज चालू असतो, माणसे आपापल्या गप्पांत असतात आणि एखादी लकेर विशेष जमली की दोन-चार माना वळतात. पाहणारा सहसा हळहळतो: एवढा जाणता कलावंत आणि त्याच्यावर जेवणाऱ्यांपुढे वाजवण्याची वेळ यावी! या हळहळीच्या मुळाशी एक गृहीत आहे. संगीताची खरी जागा म्हणजे सभागृह, तिकीट काढून आलेला श्रोता आणि त्याची शांतता. बाकीच्या जागा म्हणजे उतरती कळा. हे गृहीत इतिहासाला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे. परदेशातून आलेली जी वाद्ये आपल्याकडे रुजली, ती कुणा रसिक धन्याने कौतुकाने जवळ केली एवढ्याने रुजली नाहीत. आधीपासून चालत आलेल्या एखाद्या कामात ती उपयोगी पडली, त्या कामाची मिळकत त्यांच्या वाट्याला आली, म्हणून ती टिकली. आणि ही कामे बहुतेक वेळा अशा ठिकाणची होती जिथे लोक दुसऱ्याच कशासाठी जमलेले असत: नाच, मिरवणूक, लग्न, देवाची सेवा, जेवण. हे तपासून पाहायला मुंबईपेक्षाही चांगली जागा म्हणजे तंजावर. कारण एकाच गावात, एकाच काळात, एकाच राजाच्या आश्रयाने पाश्चात्त्य संगीत दोन वाटांनी आले. त्यांतली एक वाट बंद पडली, दुसरी दीडशे वर्षांहून अधिक चालत राहिली.

व्यंकोजीराजे भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात मराठी राज्य स्थापन केले. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले, तेव्हा त्या राज्याचा राजकीय जीव संपत आला होता. सरफोजींचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली आणि काही काळ मद्रासेत झालेले. इंग्रजीसह अनेक भाषा, शास्त्रे, शरीररचना, भूगोल यांची त्यांना मनापासून ओढ होती. पण गादीवर बसल्याला वर्षभर होते न होते तोच १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, राजवाडा, वर्षाला एक लाख होनांचा तनखा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. मुलूख नसलेल्या या राजाने पुढची तीस-बत्तीस वर्षे वेगळ्याच गोष्टींवर राज्य केले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग लिहून ठेवायला लावले, देवनागरी छापखाना काढला, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. संगीत तर या दरबारात पिढ्यान् पिढ्या होतेच. त्यात सरफोजींनी भर घातली ती पाश्चात्त्य वाद्यवृंदाची. त्यांनी युरोपीय धर्तीचा बँड पदरी ठेवला, स्वरलिपीची छापील पुस्तके मागवली आणि देशी चालीही पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलिपीत उतरवून घेतल्या. सरस्वती महालात या संग्रहाचा भाग आजही जपलेला आहे. एस. सीता यांनी संगीतपीठ म्हणून तंजावरचा जो मोठा अभ्यास केला, त्यात आणि अलीकडे इंदिरा विश्वनाथन पीटरसन यांच्या लेखनात या साऱ्याची दखल आहे.

या बँडचे काम काय होते हे नीट पाहायला हवे, कारण त्याचे पुढे काय झाले ते त्यातच ठरून गेले होते. राजाला सैन्य ठेवता येत नव्हते, करार करता येत नव्हते, कर बसवता येत नव्हते. राजेपण दाखवायची जी साधने हातात उरली, त्यांत पाहुण्यांचा सत्कार हे सर्वांत मोठे होते. कंपनीचे अधिकारी, मिशनरी, बिशप, प्रवासी यांची तंजावरात ये-जा असे. बिशप हेबर १८२६ मध्ये येऊन गेले आणि या राजाच्या विद्वत्तेने भारावून गेले. पाहुण्याला त्याच्याच ओळखीचे सूर ऐकवणे हा सत्काराचा भाग होता. मी तुमच्या जगाला अनोळखी नाही आणि तुमच्यापेक्षा खालचाही नाही, असे त्या सुरांतून राजा न बोलता सांगत होता. म्हणजे या बँडचे काम राजाच्या व्यक्तिगत प्रतिष्ठेला जोडलेले होते. तंजावरच्या मंदिराला, लग्नघराला किंवा नर्तकीला त्याची गरज नव्हती. वादक नोट वाचायला शिकले खरे, पण ते वाचन ज्या प्रसंगासाठी होते तो प्रसंग राजवाड्याच्या आतच उभा राहायचा आणि आतच संपायचा.

सरफोजींनंतर त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे गादीवर आले आणि १८५५ मध्ये औरस पुत्र नसताना वारले. कंपनीने गादीच संपवली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मालमत्तेसाठी न्यायालयात धाव घेतली, पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये ही सत्तेची कृती आहे, न्यायालयाला यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला. राजा गेला तसे राजाच्या प्रतिष्ठेला जोडलेले कामही गेले, आणि त्या संगीताची कागदावरची बाजू तेवढी ग्रंथालयात उरली. याच्या शेजारी दुसरा एक पुरावा ठेवून पाहा. सरफोजींचीच स्तुती करणारे ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तमिळ नृत्यनाट्य शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचले. ते बृहदीश्वराच्या उत्सवात देवळाच्या दासी करत, आणि राज्य बुडाल्यानंतरही, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, ते होत राहिले. राजाचे नाव त्याच्या स्वतःच्या बँडपेक्षा देवळातल्या सेवेत जास्त काळ वाजत राहिले. राजवाड्यातला प्रसंग राजाबरोबर संपला. उत्सवाचा प्रसंग पंचांगातला होता, तो दरवर्षी येणारच होता.

आता दुसरी वाट. तंजावरच्या वादकांचे व्यवहारात दोन गट पडत. देवळाच्या आणि मिरवणुकीच्या सेवेत नागस्वरम आणि तविल यांचा ताफा, त्याला पेरिय मेळम म्हणजे मोठा मेळ म्हणत. नर्तकीमागे उभा राहणारा ताफा म्हणजे चिन्न मेळम, छोटा मेळ. या छोट्या मेळात नट्टुवनार झांजा घेऊन बोल म्हणत असे, मृदंगवाला असे, षड्ज धरून ठेवायला तुत्ती नावाची पिशवीची पुंगी असे, आणि गाण्याची चाल धरायला मुखवीणा, म्हणजे नागस्वरमचे धाकटे भावंड. एकोणिसाव्या शतकात या मुखवीणेच्या जागी क्लॅरिओनेट आले. नृत्यपरंपरा त्याचे श्रेय तंजावरचे महादेव नट्टुवनार यांना देते. हा बदल कुणाच्या फर्मानाने झाला नाही. क्लॅरिओनेट फुंकीचे आणि पत्तीचे वाद्य, म्हणजे मुखवीणा वाजवणाऱ्याला फुंकीची सवय मुळापासून घडवायला नको. त्याचा आवाज गोल आणि आटोपशीर, म्हणजे घरातल्या किंवा मंडपातल्या नाचाला कर्कश वाटणार नाही. आणि स्वरांचा पल्ला मोठा. भोके अर्धवट झाकून, ओठाचा दाब कमीजास्त करून त्यावर गमके काढता येतात, हेही लवकरच ध्यानात आले. थोडक्यात, काम जुने होते, घराणी जुनी होती, चाली जुन्या होत्या; हत्यार तेवढे नवे आले. या वादकांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येण्याची काही गरज नव्हती, आणि बँडवाल्यांना जे सर्वांत मोलाचे वाटे त्याच्यावाचून क्लॅरिओनेट तंजावरी झाले.

यावर पहिला आक्षेप व्हायोलिनचा येईल, आणि तो वजनदार आहे. व्हायोलिन आज कर्नाटक संगीताचे हाड झाले आहे, ते नाचामागे उभे राहून नव्हे, असे म्हणता येईल. कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी मद्रासजवळ मणलीच्या जमीनदारांच्या आश्रयाला असताना युरोपीय वादकाकडून ते आत्मसात केले. सरफोजींच्या दरबारातले वरहप्पय्यर यांचेही नाव या संदर्भात घेतले जाते. ही उच्चवर्णीय, दरबारी, अभ्यासू मंडळी. मग कौतुकाने वाद्य रुजले असेच सिद्ध होत नाही का? पण तिथेही व्हायोलिन कोणते काम करू लागले ते पाहिले की उत्तर मिळते. ते गवयाच्या मागे बसले. गजामुळे स्वर माणसाच्या गळ्यासारखा लांबवता येतो, गवयाने घेतलेली जागा लगेच उचलून दाखवता येते, गवई थांबला तर मैफल उघडी पडू न देता सावरता येते. साथीचे हे काम वीणेपेक्षा व्हायोलिन अधिक सहजपणे करू शकत होते. त्यासाठी तारा सा-प-सा-प अशा लावल्या गेल्या, वादक मांडी घालून बसला, वाद्याचे टोक त्याच्या घोट्यावर टेकले. एकल वादनाचे मानाचे स्थान त्याला खऱ्या अर्थाने मिळाले ते पुढे विसाव्या शतकात, द्वारम वेंकटस्वामी नायडूंसारख्यांच्या हातून. शिवाय व्हायोलिनच्या या कथेत केवळ अभ्यासू मंडळीच नाहीत. तंजावरचे चार भाऊ चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे नट्टुवनार घराण्यातले. आजच्या भरतनाट्यमचा क्रम त्यांनीच बांधला. त्यांतले सर्वांत धाकटे वडिवेलु व्हायोलिनवादक म्हणून नावाजले आणि त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरवले. मान नंतर आला, साथ आधी होती.

दुसरा आक्षेप असा: राजाने दारे उघडली नसती तर ही वाद्ये नट्टुवनारांच्या हाती लागलीच कशी असती? दरबाराचे ऋण असे झटकून टाकता येईल का? झटकायचे नाहीच. तंजावरच्या दरबाराने ही वाद्ये दृष्टीस पाडली, ती कुठून मागवायची हे दाखवले, दोन्ही तऱ्हांचे वादक एका छपराखाली आणले. पण येणे आणि राहणे यांत फरक केला पाहिजे. वाद्ये यायला तंजावर हे एकच दार नव्हते. डेन्मार्कच्या आश्रयाखालचे मिशन १७०६ पासून तरंगमबाडीत होते, तंजावरातच श्वार्ट्झ यांचे चर्च उभे होते, आणि कंपनीच्या पलटणींचे बँड मद्रासपासून छावणीछावणीत वाजत होते. मुत्तुस्वामी दीक्षितांनी अशाच इंग्रजी चालींवर संस्कृत पदे बांधली. ही नोट्टुस्वर पदे चाळिसाच्या आसपास आहेत आणि त्यांतले एक चक्क इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. म्हणजे चाली हवेतच होत्या, त्यांना राजवाड्याचा परवाना लागत नव्हता. त्याच सुमारास सरफोजींचे स्नेही, तंजावरचे ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री उलट दिशेने काम करत होते: येशूची कथा ते कुरवंजीच्या आणि कीर्तनाच्या देशी साच्यात ओतत होते. आणलेली चाल असो की आणलेली कथा, ती टिकली ती तिथल्या चालू साच्यात बसली तेव्हा. बँडला असा साचा मिळाला नाही.

सरफोजींचा बँड म्हणजे गुलामीची नक्कल होती, म्हणून तो गेला ते योग्यच झाले, असेही काही जण म्हणतील. हा निवाडा मला घाईचा वाटतो. ग्रंथालयासाठी जी जिज्ञासा त्यांनी दाखवली तीच बँडमागे होती. ज्या माणसाने देशी चाली नव्या लिपीत उतरवून पाहिल्या त्याला निव्वळ नकलाकार म्हणता येत नाही. उलट त्यांची जिज्ञासा अस्सल होती हे मान्य केल्यानेच माझा मुद्दा अधिक पक्का होतो. अस्सल जिज्ञासा, पैसा, ग्रंथ, शिक्षक, वादक, सगळे हाताशी असूनही बँड राजाच्या पश्चात उभा राहिला नाही. आश्रयदात्याची आवड कितीही खरी असली तरी ती त्याच्या आयुष्याएवढीच लांब असते. वादकाचे काम मात्र समाजाच्या एखाद्या नेमाला बांधले गेले, तर आश्रयदाता बदलला तरी ते चालू राहते. तंजावरची गादी गेल्यावर तिथले कलावंत पांगले. मैसूर, त्रावणकोर, मद्रास अशी त्यांची पांगापांग झाली. १८८० मध्ये तंजावरची राजकन्या लक्ष्मीबाई बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची राणी झाली, तिच्या पाठोपाठ तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार आणि वादक बडोद्याच्या कलावंत खात्यात चाकरीला लागले. हा ताफा मैलोगणती दूर, वेगळ्या भाषेच्या मुलखात गेला तरी मोडला नाही, कारण तो ताफा म्हणूनच, नाचाच्या कामासह गेला होता.

मराठी वाचकाला याचा पडताळा घराजवळही मिळेल. पेटी ही युरोपातून आलेली. शास्त्रकारांनी तिला कधी मनापासून आपले म्हटले नाही. तिचे सूर ठोकळ, तिला मींड नाही, ही तक्रार खरीच आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केले ते १९७१ पर्यंत. एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून हद्दपार होऊनही पेटी मेली नाही, कारण तिचे पोट आकाशवाणीवर अवलंबून नव्हते. नाटकमंडळींच्या पदांना, कीर्तनकाराच्या आख्यानाला, भजनी मंडळाला, शाळेतल्या प्रार्थनेला ती रोज लागत होती. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिला प्रतिष्ठा दिली, पण त्यांच्यापर्यंत ती पोचली तीही मैफलीच्या आणि नाटकाच्या साथीतूनच. उलट दिशेचे उदाहरण पुन्हा तंजावरचे आहे. मोरगावकर बुवा, ज्यांना तिकडे मोरकर बावा म्हणतात, १८६४ च्या सुमारास तंजावरात आले आणि त्यांच्या मराठी कीर्तनाची छाप तिथल्या कथेकऱ्यांवर पडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तमिळ हरिकथेत गेले आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यांना घडीव रूप दिले. तेव्हा मराठी राज्य बुडून दशक होत आले होते. राज्याच्या बळावर हे छंद तिथे रुजले असे म्हणायला जागा नाही. तमिळ श्रोत्याला कथा ऐकायची सवय आधीपासून होती, त्या सवयीत ते सामावले.

आता मुंबईच्या जॅझकडे वळता येईल. १९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या ताफ्यांत आणि त्यांच्यानंतर ज्यांनी हे संगीत चालवले ते बहुतांशी गोंयकार. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी रीत होती, त्यामुळे कागदावरचे नोट वाचून लगेच वाजवणारी माणसे तिथे गावोगाव होती. हळदोण्याचे आन्तोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले. वरवर पाहता हे तंजावरच्या बँडचेच पुनरागमन: मोठ्या हॉटेलात, साहेबी पाहुण्यांपुढे, परदेशी वाद्ये, नोट वाचणारे देशी वादक. आणि त्याची गतही तशीच झाली. गोरा पाहुणा गेला, दारूबंदीचा कायदा १९४९ मध्ये आला, हॉटेलांच्या नाचाच्या रात्री आटल्या. पण वादक संपले नाहीत, कारण तोवर त्यांच्या हाताला दुसरे काम लागले होते. चितळकरांनी म्हणजे सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात चिक चॉकलेट यांच्या ताफ्याचा रंग असा मिसळला की देशभर लोक त्यावर थिरकले. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवत, ते पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे अरेंजर झाले. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनीही चित्रपटाच्या वाद्यवृंदाला आकार दिला. हॉटेलातला जॅझ राजवाड्यातल्या बँडसारखा होता. स्टुडिओने त्याला चिन्न मेळमची जागा दिली. पडद्यावर नाचणाऱ्या नायिकेमागे उभे राहण्याचे काम होतेच, फक्त ते हत्यार बदलत होते.

जॅझच्या चाहत्याला हे पटणार नाही. तो म्हणेल, जॅझचा प्राण आयत्या वेळी सुचणाऱ्या आलापीत आहे. स्टुडिओत तीन मिनिटांच्या गाण्यात आखून दिलेल्या आठ मात्रा वाजवणे म्हणजे जॅझ टिकणे नव्हे, तो विरघळणे आहे. तंजावरच्या क्लॅरिओनेटबद्दलही असेच म्हणता येईल की ते टिकले म्हणजे पाश्चात्त्य संगीत टिकले असे नाही. हे खरे आहे, आणि ते लपवायचे कारण नाही. जे रुजते ते बदलते. मूळ जसेच्या तसे ठेवायचे असेल तर ग्रंथालयाला पर्याय नाही. पण बदलामुळे नवे काही सुचण्याची शक्ती संपते, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. मंगळुरूचे कद्री गोपालनाथ यांनी मैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो उचलला. पण त्यांचे वडील देवळात नागस्वरम वाजवणारे. श्वास, बोटे आणि रागाची समज घरच्या सेवेतून आली होती. सॅक्सोफोनच्या रचनेत हवे ते फेरबदल करून त्यांनी त्यातून गमके काढली. १९८० मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांना ऐकले आणि त्यांच्याबरोबर वाजवण्याची इच्छा धरली. पुढे जॅझ सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांनी गोपालनाथ यांच्यासह ‘किन्समेन’ हा अल्बम केला, तो २००८ चा. राजवाड्याच्या बँडने वाद्य दाखवले, देवळाच्या सेवेने ते घडवले, आणि जॅझच्या जाणकारांनी त्यात आपला सोबती ओळखला. आलापी हरवली नव्हती, तिने मुक्काम बदलला होता.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र वेगळा आहे. सेवेच्या जागेचे हे गुणगान वादकाच्या अपमानावर पांघरूण घालते, असे कुणी म्हणेल. चिन्न मेळममधली माणसे ज्या जातींतली होती त्यांना तंजावरच्या सोवळ्या समाजाने मानाने वागवले नाही. ज्या नर्तकींच्या मागे क्लॅरिओनेट वाजे, त्यांची देवदासी प्रथा स्त्रीच्या दास्याशी जोडलेली होती आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने ती बंद झाली हे उचितच झाले. गोंयकार वादकांची नावेही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वर्षानुवर्षे आली नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघणारा धडा काम काढून घ्या असा निघत नाही. कामाबरोबर मान आणि मोबदला द्या असा निघतो. नाचाच्या बाबतीत नेमके उलटे झाले. १९३० च्या दशकापासून नृत्य मद्रासच्या सभागृहात आले, भरतनाट्यम म्हणून त्याला प्रतिष्ठा मिळाली, वादक नर्तकीमागून हलून बाजूला बसले आणि हळूहळू क्लॅरिओनेटची जागा बासरी-व्हायोलिनने घेतली. कलेचा मान वाढला, त्या मानात जुन्या घराण्यांचा वाटा मात्र घटला. काम गेले तसे वाद्यही मागे पडले. सेवेची जागा कायमची नसते, हे यातून दिसते. आणि ती गेल्यावर वाद्याचे काय होते, हेही.

तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन हे या साऱ्या प्रवासाच्या शेवटच्या मोठ्या साक्षीदारांपैकी. १९३१ चा जन्म, वडील क्लॅरिओनेटवादक, तालीम इलुप्पूर नटेश पिळ्ळै यांच्यासारख्या नागस्वरम उस्तादाची. नाचामागच्या वाद्याला त्यांनी मैफलीत मध्यभागी आणून बसवले, आणि नागस्वरमचे सम्राट राजरत्नम पिळ्ळै यांनी त्यांना क्लॅरिओनेटचे एव्हरेस्ट म्हटल्याचे सांगतात. मद्रासच्या म्युझिक अकादमीने २००८ मध्ये त्यांना संगीत कलानिधी केले, सरकारने २०२२ मध्ये पद्मश्री दिली. तेव्हा ते नव्वदीत होते. सन्मान रास्त होते, पण ज्या दिवशी ते आले त्या दिवशी तंजावरच्या परिसरात क्लॅरिओनेट शिकणाऱ्या तरुणाला महिन्याकाठी किती ठिकाणी बोलावणे येत होते, हा प्रश्न कोणत्याही मानपत्रात नव्हता. पुरस्कार व्यक्तीला मिळतो. परंपरा जगते ती पुढच्या आठवड्याच्या बोलावण्यावर.

म्हणून उपाहारगृहात वाजवणाऱ्या वृद्ध जॅझवादकाची कीव करण्याआधी त्या जागेचा हिशेब नीट मांडायला हवा. दर शुक्रवारी वाजवायचे ठरलेले असणे, ठरलेली बिदागी असणे, शेजारी एखादा विशीतला ड्रमवादक साथीला असणे आणि त्याने कानांनी शिकत जाणे, या तीन गोष्टी वर्षातून एकदा होणाऱ्या महोत्सवात मिळत नाहीत. जेवणाऱ्यांचे लक्ष अर्धे असते हे खरे. तंजावरच्या लग्नमंडपात किंवा मिरवणुकीत वाजणाऱ्याकडे तरी कोणाचे पूर्ण लक्ष होते? त्या अर्ध्या लक्षाच्या जागांनीच क्लॅरिओनेट तमिळ केले. जॅझचे आणि तंजावरचे जतन करू इच्छिणाऱ्या संस्थांनी सरस्वती महालातली स्वरलिपी जरूर वाजवून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी. ती आपली ठेव आहे. पण तेवढ्यावर थांबले तर सरफोजींनी केले तेच आपण करू, तेही त्यांच्याएवढी जिज्ञासा नसताना. त्याच पैशातला काही हिस्सा वर्षभर चालणाऱ्या जागांना द्यावा: देवळाच्या उत्सवाला, नृत्यशाळेच्या रोजच्या साथीला, गल्लीतल्या उपाहारगृहाच्या शुक्रवारच्या संध्याकाळला. आणि तिथे वाजवणाऱ्याचे नाव दाराबाहेरच्या पाटीवर पदार्थांच्या यादीच्या वर लिहावे, त्याचा मोबदला बिलातल्या खुशीवर न सोडता आधी ठरवावा. इतिहासाने दाखवलेली टिकण्याची वाट हीच आहे. त्या वाटेवरचा अपमान तेवढा आपल्याला काढून टाकायचा आहे.